अंदाजे चाळीस किलो

आमच्या धुण्याच्या बाल्कनीत एक काळा दगड आहे. त्याचं वजन एकशे बासष्ट किलो तीनशे ग्रॅम आहे. लोकांना स्वतःच्या कपाटाचं वजन सांगता येत नाही आणि हा गृहस्थ दगडाचं ग्रॅमपर्यंत सांगतो, याचं पाहुण्यांना नवल वाटतं. पण मी वजनमापे कार्यालयात हेडक्लार्क आहे आणि या दगडाचं रीतसर प्रमाणपत्र आमच्या घरी आहे. ते मी लॅमिनेट करून ठेवलं आहे. माझ्या पदवीचं प्रमाणपत्र कुठे आहे ते मला ठाऊक नाही.

हे सगळं वॉशिंग मशीनमुळे झालं. एका सोमवारी पोटात पाणी आणि आठ-दहा कपडे असताना ते दोनदा गुरगुरलं आणि बंद पडलं. मेकॅनिक आला, त्याने मशीनचा मागचा पत्रा उघडला, आत टॉर्च मारला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "मोटार गेली. हे मॉडेल आता बंद झालंय. पार्ट मागवावा लागेल. दहा दिवस, पंधरा दिवस, काय सांगता येत नाही."

"त्यापेक्षा नवीनच घेऊ या," बायको म्हणाली.

इथे माझी एक सवय सांगायला हवी. घरातली एखादी वस्तू बिघडली की मला मागची पिढी आठवते. पंखा बंद पडला की बिनपंख्याचे आजोबा आठवतात, गिझर गेला की गार पाण्याने अंघोळ करणारे वडील आठवतात. बायकोचं म्हणणं, ही आठवण वस्तू बिघडल्यावरच कशी येते? चालू असताना तुम्ही पूर्वजांना जराही त्रास देत नाही. मी या आक्षेपाला उत्तर देत नाही. त्या दिवशीही दिलं नाही. मी एवढंच म्हणालो, "माझ्या आईने पंचेचाळीस वर्षं नऊ माणसांचं धुणं दगडावर धुतलं. मशीन नव्हतं म्हणून कोणी उघडं हिंडलं नाही."

"आईंनी धुतलं," बायको म्हणाली, "तुम्ही नाही."

मी मेकॅनिकला पार्ट मागवायची गरज नाही असं सांगून टाकलं. नवीन मशीनचाही विषय बंद केला. मग रोज जेवताना मागच्या पिढीच्या कष्टांवर दोन शब्द बोलू लागलो. आई समोरच बसलेली असायची. तिच्या कष्टांचा गौरव तिच्या कानांवर पडतोय याचं मला समाधान होतं.

आई त्याच्या आठ महिने आधी आमच्याकडे राहायला आली होती. आमचं दोन खोल्यांचं जुनं घर तेव्हा एका स्कूटरच्या गॅरेजवाल्याने घेतलं. आमच्या फ्लॅटमध्ये तिच्या हाताला काही कामच उरलं नव्हतं. सकाळी अकराला बायको मशीन लावायची आणि आई एक खुर्ची ओढून त्या गोल काचेसमोर बसायची. हात मांडीवर ठेवून, पन्नास मिनिटं, शेवटची शिट्टी वाजेपर्यंत. मला हे फक्त सुट्टीच्या दिवशी दिसायचं, पण निष्कर्ष काढायला मला तेवढं पुरलं. मी ठरवलं की बिचारी आपलं जन्मभराचं काम एका डब्याला करताना बघते आहे. एकदा तर ती चष्मा काढून डोळे पुसताना मला दिसली. मी हळूच मागे फिरलो. अशा वेळी माणसाला एकटं सोडावं, एवढं मला कळतं.

मशीन बंद पडलं आणि आई गप्प झाली. जेवण निम्म्यावर आलं. अकरा वाजले की ती बाल्कनीच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. मी खरोखरच काळजीत पडलो. म्हातारं माणूस एकदा असं आत आत जायला लागलं की त्याला बाहेर काढणं कठीण असतं, हे मी वडिलांच्या वेळी पाहिलं आहे. चौथ्या दिवशी संध्याकाळी, मी बूट काढत असताना, तिने विचारलं, "काय रे, जुन्या घरचा तो धुण्याचा दगड अजून तिथंच आहे का?"

एवढंच विचारून ती आत गेली. मी एक बूट हातात घेऊन तसाच बसलो आणि निर्णय घेतला.

"तो दगड मी इथे आणणार," मी बायकोला सांगितलं. "बाल्कनीत बसवणार. तिला हवं तेव्हा दोन रुमाल धुवू दे. तिचं काहीतरी तिच्याजवळ असू दे."

"पण का विचारलं, ते त्यांना विचारा तरी."

"अशा गोष्टी विचारायच्या नसतात," मी म्हणालो. "समजून घ्यायच्या असतात."

हे वाक्य बायकोने लक्षात ठेवलं आहे आणि अजूनही महिन्यातून एकदा तरी मला ऐकवते.

गॅरेजवाल्याने मागच्या अंगणात फरशी न घालता सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं. नळाजवळ दगड होता. मधोमध कपडे आपटून आणि घासून पडलेला खळगा, त्यात आता स्कूटरचे नटबोल्ट आणि काळं तेल. गॅरेजवाला दगड द्यायला तयार नव्हता. "साहेब, वाकडं मडगार्ड ह्याच्यावर ठोकलं की सरळ होतं," तो म्हणाला. मी आईचं सांगितलं. त्याने नटबोल्ट डब्यात भरले, दगड फडक्याने पुसला आणि म्हणाला, "न्या. मडगार्डांचं मी बघतो."

टेम्पोवाला कागदावर चालणारा माणूस होता. "वजन लिहून द्या," तो म्हणाला. "वाटेत कोणी अडवलं तर मी काय सांगू?"

आता वजन हा माझा प्रांत. गेली सव्वीस वर्षं मी वजनांच्या सहवासात काढली आहेत. मी दोन पावलं मागे झालो, डोळे बारीक केले, दगडाभोवती एक फेरी मारली आणि चाळीस किलो असा निर्णय दिला. कागद कोणाकडेच नव्हता. गॅरेजवाल्याकडे लाल ऑइलपेंट आणि ब्रश होता. मी दगडावरच सुवाच्य अक्षरात "४० किलो" असं लिहिलं आणि खाली जागा उरली म्हणून बारीक अक्षरात "(अंदाजे)" लिहिलं. मग हमाल पहार घेऊन आले आणि त्यांनी दगडाची कड मोकळी करायला सुरुवात केली.

दगड जमिनीवर चार बोटं दिसत होता. जमिनीखाली तो किती आहे हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. हमाल खणत गेले आणि दगड खाली खाली निघत गेला. वीतभर झाल्यावर त्यांच्या मुकादमाने पहार टेकवली, घाम पुसला, लाल आकडा वाचला आणि म्हणाला, "साहेब, हा चाळीस किलोचा असेल तर मी बालवाडीत आहे."

आकडा बदलावा असं मला वाटलं, नाही असं नाही. पण एकदा लिहिलेलं खोडणं हे आमच्या खात्यात फार वाईट समजतात. शिवाय "अंदाजे" लिहिलं होतंच. दगड दोरखंडाने बांधून टेम्पोत चढवला गेला. त्या दोरखंडाने नेमकं "(अंदाजे)" तेवढं घासून पुसलं गेलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सोसायटीच्या फाटकात सेक्रेटरी उभे होते. त्यांच्या शेजारी स्लॅबकाका. हे आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त इंजिनिअर. प्रत्येक सभेत, विषय पाण्याचा असो की पार्किंगचा, ते शेवटी स्लॅबवर येतात, म्हणून हे नाव. सेक्रेटरींनी दगडावरचा आकडा वाचला, मग टेम्पोची दबलेली मागची चाकं पाहिली.

"चाळीस?" ते म्हणाले.

"अंदाजे," मी म्हणालो.

"तुमच्या बाल्कनीखाली माझी बाल्कनी आहे," स्लॅबकाका म्हणाले. "मी तिथे सकाळी पेपर वाचतो. अंदाजे दगडाखाली बसून मी पेपर वाचणार नाही."

शंभर किलोच्या वरची वस्तू वर न्यायची तर वजनाचा लेखी दाखला हवा, असा नियम सेक्रेटरींनी सांगितला. मी छाती पुढे काढली. वजनाचा दाखला, आणि तो मला! पोहणाऱ्याला कोणी पाण्याची भीती घालावी तसं ते झालं. मी टेम्पो वळवायला सांगितला आणि दगड थेट आमच्या कार्यालयात नेला. आवारात मोठा प्लॅटफॉर्म काटा आहे. त्याच्यावर दगड ठेवला. काटा एकशे बासष्ट किलो तीनशे ग्रॅमवर थांबला. चार सहकारी बघायला जमले होते. सव्वीस वर्षांच्या अनुभवाबद्दल कोणी काही बोललं नाही, ही त्यांची माणुसकी.

दाखल्याला अर्ज लागतो, अर्जावर मोठ्या साहेबांची सही लागते आणि साहेब दौऱ्यावर होते. तोपर्यंत दगड आवारात भिंतीजवळ ठेवावा, असं मीच सुचवलं.

आमच्याकडे आठच दिवसांपूर्वी एक नवे निरीक्षक रुजू झाले होते. तरुण, ताठ, इस्त्रीचे. प्रशिक्षणात त्यांना शिकवलं होतं की बाजारात काही लोक वजनं म्हणून दगड वापरतात आणि असा दगड दिसला की तो जागेवर जप्त करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना खुद्द वजनमापे कार्यालयाच्या आवारात एक दगड दिसला. त्यावर लाल अक्षरात "४० किलो" लिहिलेलं होतं. त्यांनी तो मोजून घेतला. मी दहा वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो तेव्हा दगड गोणपाटात शिवलेला होता, शिवणीवर लाखेचं सील होतं आणि पंच म्हणून पहारेकरी आणि चहावाला सह्या करत होते.

"अहो, हा माझा दगड आहे," मी म्हणालो.

निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे कबूल करता?"

"कबूल कसलं? धुण्याचा दगड आहे. माझ्या आईचा."

"अक्षर कोणाचं?"

"माझं."

"चाळीस कोणी लिहिलं?"

"मीच. पण खाली 'अंदाजे' लिहिलं होतं."

त्यांनी गोणपाटाकडे पाहिलं. "तसं काही आढळून आलेलं नाही."

मी तर्काचा आधार घेतला. "साहेब, एकशे बासष्ट किलोचा दगड चाळीस म्हणून वापरला तर गिऱ्हाइकाला एकशे बावीस किलो माल फुकट जाईल. असा दुकानदार तुम्ही पाहिलाय का? आणि तो तागडीत उचलून ठेवणार कोण?"

त्यांनी पंचनाम्यावरची शाई फुंकली. मग म्हणाले, "खोटं वजन ते खोटं वजन. कोणाच्या बाजूने खोटं, हे आपल्याला बघायचं नाही."

खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमान वाटला. असा माणूस खात्यात हवा, फक्त दुसऱ्या शहरात.

जप्तीचं प्रकरण झालं की संबंधिताला नोटीस जाते आणि नोटिसा माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे "आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा" अशी नोटीस मी मला काढली. जावक नोंदवहीत चढवली, पोच म्हणून स्वतःचीच सही घेतली. खुलासा दुसऱ्याच दिवशी सादर केला. खुलाशावर टिपणी लिहिण्याचं कामही माझंच. पहिला खुलासा समाधानकारक मानायचा नाही असा आमच्याकडे पायंडा आहे, म्हणून मी "खुलासा समाधानकारक वाटत नाही" असा शेरा मारला आणि थोडा वेळ स्वतःवरच रागावून बसलो.

इकडे घरी कपड्यांचा ढीग वाढत होता. बायको रोज लागतील तेवढे बाथरूममध्ये धुवायची आणि नंतर मनगटाला मलम चोळायची. मलमाचा वास जेवणाच्या टेबलावर यायचा. ती बोलत काही नव्हती. वासच बोलायचा. आईचं जेवण आणखी कमी झालं होतं. दगडाचं मी तिला सांगितलं नव्हतं. तो तिला अचानक दाखवायचा होता.

रविवारी मी जाहीर केलं की आजचं धुणं मी धुणार. दुहेरी चादर घेतली. मागची पिढी काय होती हे आजच्या पिढीला कोणीतरी दाखवायला हवं होतं. कोरडी चादर ही एक वस्तू असते आणि भिजलेली चादर ही वेगळीच वस्तू असते, हे मला त्या दिवशी समजलं. ती उचलली की तिचं दुसरं टोक बादलीतच राहतं. ते उचललं की पहिलं टोक नळाखाली पडतं. साबण लावला तो माझ्या चष्म्याला लागला. एकदा आपटली तर आरसा, साबणाची वडी आणि बाथरूमचा दिवा, सगळे न्हाले. विसाव्या मिनिटाला मी कमरेत वाकलो होतो आणि सरळ होण्याचा मार्ग सापडत नव्हता.

दारात आई येऊन उभी राहिली होती. किती वेळ, कोण जाणे. तिने चादरीचं एक टोक धरलं.

"असं नाही. पीळ तुझ्याकडून घे. मी धरते."

मी पीळ घेतला. तिने एकदाच मनगट फिरवलं आणि पाण्याची धार लागली. ब्याऐंशी वर्षांच्या त्या हातांत एवढा जोर कुठून आला, मला कळेना. चादर जवळजवळ कोरडी करून तिने माझ्या हातात दिली. मग तळवे उलटेपालटे करून पाहिले, टॉवेलला पुसले आणि आत जाऊन पडली. मला वाटलं, किती समाधान झालं असेल तिला. त्या रात्री तीही मलम मागत होती, हे मला बायकोने फार नंतर सांगितलं.

साहेब दौऱ्यावरून आले आणि सुनावणी झाली. एका बाजूला निरीक्षक, दुसऱ्या बाजूला मी. फाइल सादर करणारा हेडक्लार्कही मीच असल्यामुळे मला मधून मधून उठून टेबलाच्या पलीकडे जावं लागत होतं. साहेबांनी फाइल वाचली. पंचनामा वाचला. माझा खुलासा आणि माझाच त्यावरचा शेरा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हा दगड नक्की काय आहे?"

"धुण्याचा दगड आहे, साहेब."

"मग हमीपत्र द्या, की तो वजन नाही."

अखेर असं ठरलं की मी आकडा पुसून टाकावा, "सदर दगड हा वजन नसून दगड आहे" असं लिहून द्यावं, आणि त्याचा वापर फक्त कपडे धुण्यासाठी करीन अशी हमी द्यावी. निरीक्षकांनी सहा महिन्यांच्या आत घरी येऊन प्रत्यक्ष वापराची खात्री करावी, असं कलम त्यांनी स्वतः सुचवून घातलं. मी सगळ्यावर सह्या केल्या. वजनाचा दाखलाही मिळाला. तयार करणारा म्हणून त्यावरही माझीच सही होती.

दाखला पाहून सेक्रेटरी नरमले. स्लॅबकाकांनी मात्र एक कागदभर आकडेमोड करून आणली. दगड लादीवर ठेवायचा नाही, भिंतीला लागून, तुळईच्या वर, दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवायचा. "एवढ्या उंचीवर माझी आई धुणार कशी?" असं मी विचारलं नाही, कारण मला वादात आणखी एक दिवस घालवायचा नव्हता.

दगड लिफ्टने न्यायचं ठरलं. लिफ्टची क्षमता चार माणसांची. दगड आत सरकवला तर सोबत एकच माणूस मावत होता आणि हमालांपैकी एकही जण त्या डब्यात दगडाबरोबर एकटा जायला तयार होईना. शेवटी आम्ही दगडाला एकट्यालाच पाठवलं. तिसऱ्या मजल्याचं बटण दाबून सगळे जिन्याने पळालो. लिफ्ट बरोबर पोहोचली, पण ओझ्याने चार बोटं खाली थांबली. उंबऱ्याला दगड अडला, बाहेर निघेना. मुकादम लोखंडी पट्टी आणायला गेला, तोवर खालून कोणीतरी बटण दाबलं आणि दगड दाराआड गेला. पुढचा पाऊण तास तो इमारतीत फिरत होता. ज्या मजल्यावर लिफ्ट उघडे तिथून कोणाचा तरी आवाज येई. स्लॅबकाका त्याच्यासोबत दुसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि उतरताना त्याला वळसा घालून, अंग चोरून उतरले, असं पाहणारे सांगतात.

चार वाजता दगड एकदाचा बाल्कनीत ठोकळ्यांवर बसला. शेजारी मशीन होतं. आणि मशीनच्या मागून मेकॅनिकचे दोन पाय बाहेर आले होते.

"हा इथे कसा?" मी विचारलं.

"पार्ट आला," बायको म्हणाली. "तुम्ही त्यांना नको म्हणालात ना, त्यानंतर पाच मिनिटांनी मी फोन करून हवा म्हणाले होते."

या विषयावर नंतर बोलायचं मी ठरवलं. आधी आईला बोलावणं महत्त्वाचं होतं. मी दगडावरून ओलं फडकं फिरवलं. लाल आकडा घासून काढला होता, तरी चारचा आकडा थोडा राहिला होता. आईचा हात धरून मी तिला बाल्कनीच्या दारात आणलं आणि बाजूला झालो.

आईने दगडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा कशाला आणलास?"

"तूच विचारलं होतंस ना, आई."

"मी तिथं आहे का विचारलं होतं. इथं आण म्हटलं होतं का?"

"मला वाटलं, तुला त्याची आठवण..."

"आठवण कसली डोंबलाची! अरे, मशीन बंद पडलं आणि तू रोज जेवताना ते जुन्या दिवसांचं भाषण लावलंस. मला धसकाच बसला. म्हटलं, हा आता काही मशीन घेत नाही. ह्या पोरीच्या नशिबीसुद्धा दगड येतोय. म्हणून विचारलं, अजून आहे का तिथं. फोडून टाकला म्हणाला असतास तर दोन घास गोड लागले असते मला."

बायकोने पाठ वळवली आणि नसलेल्या डागासाठी मशीनचं झाकण पुसायला घेतलं.

"मग तू रोज मशीनसमोर बसायचीस," मी म्हणालो. "डोळे पुसायचीस. मी पाहिलंय."

"पुसायचे ना. बरं वाटायचं म्हणून पुसायचे," आई म्हणाली. "धुणं चाललंय आणि मी बसलेय, असं माझ्या जन्मात कधी झालं नव्हतं. थंडीत बोटं फुटायची. तुझ्या वडिलांचे कारखान्यातले कपडे तर उचलवायचे नाहीत. तुझ्या वेळी नववा महिना लागला तरी मी ह्याच्यापुढे वाकलेली. आणि तुम्ही सगळे इस्त्रीचे घालून बाहेर पडायचात. बरोबरच आहे, तुम्हाला काय दिसणार? तुम्हाला धुतलेलेच दिसायचे."

मी त्या इस्त्रीच्या कपड्यांतलाच एक होतो. शाळेत स्वच्छ गणवेशाचं बक्षीस मला दोनदा मिळालं होतं. दोन्ही वेळा मी ते स्वतःचं समजून घेतलं होतं. मला फार लाज वाटली आणि ती मी तेव्हा बोलून दाखवली नाही, म्हणून इथे लिहितो.

मेकॅनिक मशीनमागून बाहेर आला. "झालं. लावून बघा," तो म्हणाला.

बायकोने ढिगातले कपडे आत कोंबले. आईने सवयीने खुर्चीसाठी इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची ठेवायला आता बाल्कनीत जागाच नव्हती, ती सगळी दगडाने घेतली होती. आईने दगडाच्या कडेवर तळहात फिरवला. मधला खळगा चाचपला. मग खांद्यावरचा टॉवेल घेतला, त्याची घडी घातली, खळग्यात ठेवली आणि त्याच्यावर बसली. स्लॅबकाकांच्या ठोकळ्यांमुळे उंची नेमकी झाली होती. पंचेचाळीस वर्षं तिनेच घासून पाडलेला तो खळगा तिला बरोबर बसला.

"बस आता माझ्याखाली," ती दगडाला म्हणाली. मग बायकोला म्हणाली, "लाव गं."

मशीन सुरू झालं. काचेआड पाणी चढलं, फेस आला, माझा शर्ट एकदा दिसला आणि गेला. आई हात मांडीवर ठेवून बघत राहिली. त्या रात्री ती पोटभर जेवली. मी मागच्या पिढीबद्दल एक शब्दही बोललो नाही.

पाचव्या महिन्यात एका रविवारी निरीक्षक आले. हातात फाइल, खिशात टेप. सकाळचे अकरा वाजून गेले होते. मी त्यांना बाल्कनीत नेलं तेव्हा मला हमीपत्र आठवलं. फक्त कपडे धुण्यासाठी, असं मी लिहून दिलं होतं. आई दगडावर बसली होती आणि कपडे शेजारी धुतले जात होते.

"आजी, या दगडाचा वापर तुम्ही कशासाठी करता?" त्यांनी विचारलं.

"बसायला," आई म्हणाली. मग थोडी सरकली. "तुम्हीही बसा जरा. आता ते पिळायला घेईल. ते बघण्यासारखं असतं."

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं आणि कडेला, इस्त्री मोडणार नाही अशा बेताने, बसले. मशीनने वेग घेतला. शेवटची शिट्टी होईपर्यंत ते उठले नाहीत. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि "प्रत्यक्ष आढळलेला वापर" या रकान्यात लिहिलं : विश्रांती. खाली बारीक अक्षरात लिहिलं, हरकत नाही, आणि तिथे माझी सही घेतली.